मेंदूच्या छेदातील अमायलॉइड: काँगो रेडने रंगवण्याची आणि तपासण्याची रीत

मेंदूची ऊती आम्हा तंत्रज्ञांच्या हाती रोज येत नाही. काँगो रेड हा रंग लागतो तो बहुधा मूत्रपिंडाच्या किंवा गुदाशयाच्या बायोप्सीसाठी, आणि हात त्याच कामावर बसलेला असतो. मग केव्हातरी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचा नातेवाइकांच्या लेखी संमतीने काढलेला मेंदू तपासणीला येतो आणि मूत्रपिंडाची सवय मेंदूवर चालवली जाते. तिथेच पुष्कळसे बिघडते. पुढे लिहिले आहे ते गोव्यासारख्या दमट हवेत, साध्या हिस्टोपॅथॉलॉजी प्रयोगशाळेत, पॅराफिन मेणात बसवलेल्या ऊतीच्या ठोकळ्यावर, म्हणजे ब्लॉकवर, हे काम करणाऱ्यासाठी. स्टेन, म्हणजे रंगवणे, पूर्ण झाले की स्लाइडवर लाल पुष्कळ दिसते, पण त्यातले थोडेच अमायलॉइड असते. लाल रंग हा केवळ संशय असतो; निर्णय ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या, प्रकाशात करायचा असतो, आणि तो करता येईल की नाही हे मात्र छेदाची, म्हणजे ऊतीच्या पातळ कापाची, जाडी, मीठ आणि अल्कली यांवर आधीच ठरून गेलेले असते.

अमायलॉइड हे एका प्रथिनाचे नाव नाही. निरनिराळी प्रथिने चुकीच्या रीतीने दुमडून ८ ते १० नॅनोमीटर जाडीच्या, फाटे न फुटणाऱ्या तंतूंच्या रूपाने ऊतीत साचतात, आणि या तंतूंमध्ये प्रथिनांच्या साखळ्या एकीवर एक अशा बीटा-पत्र रचनेत बसलेल्या असतात. या रचनेला अमायलॉइड म्हणतात. अल्झायमरच्या आजारात पेशींच्या बाहेर बीटा-अमायलॉइडचे पुंजके, म्हणजे प्लाक, साचतात, आणि पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचे गुंते, म्हणजे टँगल, तयार होतात. नावाचा इतिहास गमतीचा आहे. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फिर्खोने १८५४ मध्ये ‘अमायलॉइड’, म्हणजे पिष्टासारखा, हा शब्द मेंदूतल्याच गोल कणांसाठी वापरला, कारण ते आयोडिनने पिष्टासारखे रंगले. पुढे १८५९ मध्ये फ्रीडरिख आणि केकुले यांनी अशा साठ्यात पिष्ट नसून प्रथिन असल्याचे दाखवले, तरी नाव राहिले ते राहिलेच. फिर्खोने पाहिलेले ते कण, कॉर्पोरा अमायलेशिया, म्हाताऱ्या मेंदूत आजही भरपूर दिसतात आणि नवख्याला फसवतात. केंद्रके निळी करणाऱ्या हिमॅटॉक्सिलिन या रंगाने ते निळसर होतात आणि आपण शोधतो ते अमायलॉइड ते नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे.

काँगो रेड हा मुळात कापडाचा रंग. १८८० च्या दशकात जर्मनीत पॉल ब्योटिगरने तो तयार केला, आणि तुरटीसारखा रंगबंधक न लावता सुती कापडावर थेट बसणारा रंग म्हणून त्याचे मोठे कौतुक झाले. त्याचा रेणू लांबट आणि सपाट असतो, त्यामुळे कापसातल्या सेल्युलोजच्या सरळ साखळ्यांवर तो आडवा निजतो. अमायलॉइडच्या तंतूवरही तो तसाच, तंतूच्या दिशेने ओळीत बसतो, आणि ही शिस्तबद्ध ओळच ध्रुवित प्रकाशात हिरवी चमकते. बेनहोल्डने १९२२ मध्ये त्याचा अमायलॉइडसाठी उपयोग केला, दिवरी आणि फ्लोर्कें यांनी १९२७ मध्ये ती चमक नोंदवली. आज आपण वापरतो ती अल्कधर्मी रीत पुख्टलर आणि सहकाऱ्यांची, १९६२ ची.

ब्लॉकपर्यंत

अख्खा मेंदू बादलीच्या तळाशी टेकला तर एका बाजूने चपटा होतो, म्हणून बेसिलर धमनीखालून दोरा ओवून तो १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये उलटा टांगावा आणि दोन आठवडे तसाच राहू द्यावा. हे फॉर्मॅलिन घरी करायचे तर बाजारातले, ३७ ते ४० टक्के फॉर्मॅल्डिहाइड असलेले फॉर्मॅलिन १०० मिलिलिटर, पाणी ९०० मिलिलिटर, मोनोबेसिक सोडियम फॉस्फेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायबेसिक सोडियम फॉस्फेट ६.५ ग्रॅम घ्यावे. बफरचा कंटाळा करू नये. आम्लधर्मी झालेल्या फॉर्मॅलिनमुळे रक्ताच्या जागी तपकिरी-काळे फॉर्मॅलिन पिगमेंट उतरते, आणि ते ध्रुवित प्रकाशात स्वतःच चमकते. ते आलेच असेल तर स्टेनच्या आधी स्लाइड पिक्रिक आम्लाच्या संपृक्त अल्कोहोल द्रावणात ठेवून नंतर वाहत्या पाण्यात पिवळेपणा जाईपर्यंत धुवाव्या. पिक्रिक आम्लाची बाटली मात्र कधीही कोरडी पडू देऊ नये, कारण कोरड्या स्थितीत ते स्फोटक असते.

तुकडे कुठून घ्यायचे हे सांगणे डॉक्टरांचे काम, पण तंत्रज्ञालाही ते माहीत असलेले बरे. लॅटरल जेनिक्युलेट बॉडीच्या पातळीवरचा हिप्पोकॅम्पस, मध्य फ्रंटल वळी, वरची टेम्पोरल वळी, खालचा पराइटल भाग, कॅल्करीन भोवतालचा ऑक्सिपिटल भाग, अमिग्डाला आणि सबस्टॅन्शिया नायग्रासह मध्यमस्तिष्क हे नेहमीचे तुकडे होत. मेंदूच्या पृष्ठभागावरचे पातळ आवरण सोलून टाकू नये. त्यातल्या बारीक धमन्यांच्या भिंतींत साचलेले अमायलॉइड हे काँगो रेडने सर्वांत ठळक दिसणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे.

एक गोष्ट इथेच थांबून सांगणे भाग आहे. रुग्णाचा स्मृतिभ्रंश काही आठवड्यांत किंवा महिन्यांत झपाट्याने वाढला असेल, अंगाला झटके येत असतील आणि क्रॉइट्सफेल्ट-याकोब आजाराचा संशय असेल, तर तो मेंदू नेहमीच्या रांगेत घालू नये. या आजाराला कारण असलेले प्रायॉन प्रथिन फॉर्मॅलिनने निष्प्रभ होत नाही. फॉर्मॅलिनमध्ये पक्के झालेले पातळ तुकडे तीव्र, ९८ टक्क्यांच्या आसपासच्या, फॉर्मिक आम्लात १ तास ठेवून पुन्हा फॉर्मॅलिनमध्ये घालावे लागतात, आणि मगच ते प्रोसेसिंगला जातात. ज्या प्रयोगशाळेला ही सोय नाही तिने काम स्वीकारण्याआधी बंगळूरच्या निम्हान्ससारख्या, मेंदूच्या ऊतीचे काम नित्य करणाऱ्या संस्थेचा सल्ला घ्यावा.

छेद घेताना

नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिनसाठी आपण ३ ते ४ मायक्रॉनचे छेद घेतो. काँगो रेडसाठी ते पुरत नाहीत. ८ ते १० मायक्रॉन जाडी ठेवावी. पातळ छेदात हिरवी चमक इतकी फिकी येते की ती असल्याचा भरवसा वाटत नाही, आणि १२ मायक्रॉनच्या पुढे गेलात तर चमक हिरवी न राहता पिवळट-लाल होते. मायक्रोटोमचा, म्हणजे छेद कापायच्या यंत्राचा, आकडा हा आकडाच असतो, जाडी नव्हे. ब्लॉक बर्फावर किती वेळ होता, पाते किती झिजले आहे, चाक किती संथ फिरवले, यावर खरी जाडी हलते. म्हणून पहिले दोन-तीन छेद टाकून द्यावे आणि एका लयीत निघालेलेच उचलावे. पांढरा भाग स्निग्ध असल्याने वॉटर बाथवर तो करड्या भागापेक्षा वेगळ्या वेगाने पसरतो आणि छेदाला सुरकुत्या पडतात. बाथ फार तापवून त्या घालवू पाहणे चुकीचे, कारण मग छेद फाटतो.

पुढची द्रावणे अल्कधर्मी आहेत आणि अल्कलीने छेद काचेवरून सुटतात. मेंदूचा मोठा छेद तर पानासारखा तरंगत जारमध्ये येतो. त्यामुळे साध्या स्लाइड वापरू नयेत. चार्ज केलेल्या किंवा पॉली-एल-लायसिनचा लेप दिलेल्या स्लाइडवर छेद घेऊन तो रात्रभर ३७ अंश सेल्सिअसला वाळवावा आणि दुसऱ्या दिवशी तासभर ६० अंशाला ठेवावा.

द्रावणे, आणि पावसाळा

स्टेनचे खरे काम इथे होते. लागणारे पदार्थ चारच आहेत: काँगो रेड, सोडियम क्लोराइड, सोडियम हायड्रॉक्साइड आणि अल्कोहोल. रंगाच्या डबीवर कलर इंडेक्स क्रमांक २२१२० असल्याची खात्री करावी. मीठ प्रयोगशाळेच्या प्रतीचेच घ्यावे. स्वयंपाकघरातल्या मिठात आयोडिनचे क्षार आणि गोळे न होण्यासाठी घातलेली पूड असते, आणि आपल्या आगरांतले जाडे मीठ सोलकढीला कितीही चांगले असले तरी त्यातले मॅग्नेशियमचे क्षार या कामाला नकोत. तेच मीठ पावसाळ्यात मडक्यात पाझरते ते या क्षारांमुळेच.

८० भाग ॲब्सोल्यूट अल्कोहोल आणि २० भाग डिस्टिल्ड पाणी एकत्र करून दर १०० मिलिलिटरला सुमारे ५ ग्रॅम मीठ घालावे, हलवावे आणि रात्रभर ठेवावे. सगळे मीठ विरघळणार नाही, आणि विरघळू नयेच. तळाशी पांढरा थर दिसणे हीच द्रावण संपृक्त झाल्याची खूण. हे पहिले साठ्याचे द्रावण. याच्याच वरच्या निवळीचे १०० मिलिलिटर घेऊन त्यात ०.२ ग्रॅम काँगो रेड घातले की दुसरे साठ्याचे द्रावण होते, तेही एक दिवस मुरू द्यावे. दोन्ही घट्ट बुचाच्या बाटल्यांत दोन-तीन महिने टिकतात. मिठाचे काम असे की त्याचे आयन इतके दाटलेले असतात की विद्युतभारामुळे रंग जिथे तिथे, विशेषतः कोलॅजनवर, चिकटायचा तो चिकटत नाही. अल्कलीही त्याच कामाला हातभार लावते, आणि अमायलॉइडशी रंगाचे जे हायड्रोजन बंध जुळतात ते तेवढे टिकतात. म्हणून या रीतीत शेवटी रंग धुऊन उतरवत बसावे लागत नाही.

वापरण्याच्या अगदी आधी प्रत्येक द्रावणाच्या ५० मिलिलिटरमध्ये १ टक्का सोडियम हायड्रॉक्साइडचे ०.५ मिलिलिटर मिसळावे, फिल्टर पेपरातून गाळावे आणि १५ मिनिटांच्या आत वापरावे. या १५ मिनिटांवर माझा सुरुवातीला विश्वास नव्हता. एका वर्षी चवथीच्या सुट्टीआधी मी अल्कली घातलेले द्रावण बुच लावून ठेवून दिले, सुट्टीनंतर त्यातच स्लाइड घातल्या, आणि कंट्रोलसकट, म्हणजे अमायलॉइड नक्की असलेल्या पडताळणीच्या स्लाइडसकट, सगळ्या स्लाइड मळक्या गुलाबी निघाल्या. प्लाकचा पत्ता नव्हता. छेद पुन्हा घ्यावे लागले, आणि हिप्पोकॅम्पसच्या त्या ब्लॉकमध्ये तोवर फारसे काही उरलेले नव्हते.

जून ते सप्टेंबर या महिन्यांत दोन गोष्टी आणखी सांभाळाव्या लागतात. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या हवेतले पाणी इतक्या झपाट्याने ओढतात की काट्यावर ठेवेपर्यंत त्या ओलसर चकाकू लागतात, आणि मग वजन पाण्याचे भरते. डबी उघडल्याबरोबर वजन करावे, १ टक्क्याचे द्रावण प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवावे आणि महिन्याला नवे करावे. जुने द्रावण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने हळूहळू कार्बोनेट होऊन जाते. ॲब्सोल्यूट अल्कोहोलही दमट हवेत ॲब्सोल्यूट राहत नाही. थोडे परीक्षानळीत घेऊन झायलीनमध्ये मिसळावे. दुधाळ झाले तर त्यात पाणी आहे आणि स्लाइड नीट पारदर्शक होणार नाही. भाजून पांढरे केलेले कॉपर सल्फेट बाटलीच्या तळाशी ठेवले तर ते निळे पडताच बदलण्याची वेळ कळते.

स्टेनिंग

स्लाइड झायलीनमध्ये पॅराफिनमुक्त कराव्या आणि उतरत्या अल्कोहोलमधून पाण्यात आणाव्या. मेयरच्या हिमॅटॉक्सिलिनमध्ये ५ मिनिटे पुरतात. केंद्रके फिकी राहिली तरी चालतील, गडद झाली तर बारीक प्लाक त्यांच्याखाली झाकले जातात. नळाच्या पाण्यात निळेपणा यायला वेळ लागत असेल तर १ लिटर पाण्यात २ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट आणि २० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट विरघळवून त्यात स्लाइड बुडवाव्या. डिस्टिल्ड पाण्यात विसळून त्या कॉप्लिन जारमधल्या, ताजी अल्कली घातलेल्या मिठाच्या द्रावणात २० मिनिटे ठेवाव्या. ही मिनिटे संपत येतील तेव्हाच काँगो रेडमध्ये अल्कली घालावी आणि ते गाळून घ्यावे. स्लाइड मिठातून काढून, मध्ये न धुता, थेट काँगो रेडमध्ये २० मिनिटे ठेवाव्या. नंतर ॲब्सोल्यूट अल्कोहोलच्या तीन जारमधून झटपट न्याव्या, झायलीनमध्ये पारदर्शक कराव्या आणि डीपीएक्स या चिकटद्रवाने काचेची कव्हरस्लिप लावावी. प्लॅस्टिकची कव्हरस्लिप नको. तिच्यातला ताण ध्रुवित प्रकाशात रंग दाखवतो. अल्कोहोलमध्ये रेंगाळू नये, तिथे रंग उतरत राहतो.

हायमनची १९४६ ची रीत याहून झटपट आहे: ५० टक्के अल्कोहोलमधले ०.५ टक्का काँगो रेड काही मिनिटे, आणि मग ८० टक्के अल्कोहोलमधल्या ०.२ टक्का पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये काही सेकंद रंग उतरवणे. जाणत्या हाताला ती चांगली साधते. पण ते ‘काही सेकंद’ नजरेने ठरवायचे असल्यामुळे क्वचित स्टेन करणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे.

प्रत्येक खेपेला कंट्रोल हवाच, आणि मेंदूच्या कामात तो शक्यतो मेंदूचाच, ज्याच्या धमन्यांत अमायलॉइड असल्याचे ठरलेले आहे असा असावा. मूत्रपिंडातले ठळक अमायलॉइड अर्धवट फसलेल्या स्टेनमध्येही रंगते आणि खोटा दिलासा देते. कंट्रोलचे छेद एकदम पन्नास कापून डब्यात ठेवण्याची सोय मोहात पाडणारी असली तरी कापून ठेवलेल्या छेदांची काँगो रेड धरण्याची शक्ती महिन्यांगणिक कमी होते. ब्लॉक जपावा, छेद लागेल तेव्हा घ्यावा.

मायक्रोस्कोपखाली

आधी साध्या प्रकाशात पाहावे. अमायलॉइड विटकरी-गुलाबी दिसते, केंद्रके निळी. धमन्यांच्या भिंती जाड, एकसारख्या, काचेसारख्या दिसतात; गाभा असलेले प्लाक मधे गडद आणि कडेला विरळ असतात; टँगल पेशीत ज्वालेच्या आकाराचे, बरेच फिके. मग खोलीतला दिवा मालवावा, मायक्रोस्कोपचा दिवा पूर्ण वाढवावा, पोलरायझर आणि अ‍ॅनालायझर हे प्रकाश ध्रुवित करणारे दोन फिल्टर एकमेकांना काटकोनात आणून स्लाइड नसलेले क्षेत्र अगदी काळे होईपर्यंत फिरवावे. क्षेत्र करडे राहिले तर फिकी चमक त्यात बुडते. डोळ्यांनाही अंधाराची सवय व्हायला दोन-चार मिनिटे द्यावी.

या चमकीला पुस्तके सफरचंदी हिरवी म्हणतात. आपल्याकडच्यांना तरव्यातली भाताची रोपे आठवावीत: मागून ऊन पडले की त्यांच्यात उजळतो तो पोपटी-हिरवा. गाभ्याच्या प्लाकमध्ये आणि आडव्या कापलेल्या धमनीत तंतू केंद्राभोवती रचलेले असल्यामुळे हिरव्या चकतीवर काळी फुली दिसते, आणि स्लाइड फिरवली तरी फुली जागची हलत नाही. पोलरायझर किंचित फिरवला तर एक बाजू पिवळट आणि दुसरी हिरवी होते, यात घाबरण्यासारखे काही नाही. कोलॅजन मात्र रुपेरी-पांढरे चमकते, साध्या प्रकाशात लाल असो वा नसो. फॉर्मॅलिन पिगमेंटही चमकते, पण साध्या प्रकाशात ते काळपट असते, लाल नसते. लाल आणि हिरवे एकाच जागी दिसले पाहिजे.

फसवणारी गोष्ट म्हणजे सूत. एकदा फ्रंटल तुकड्यावर मला सुंदर लाल, ध्रुवित प्रकाशात हिरवी चमकणारी वाकडी पट्टी दिसली आणि मी ती मोठ्या उत्साहाने डॉक्टरांना दाखवली. त्यांनी मायक्रोस्कोपचे बटण थोडे वर-खाली फिरवले. पट्टी ऊतीच्या पातळीवर नव्हतीच, वरच्या थरात होती आणि छेदाच्या कडेबाहेर काचेवरही गेली होती. स्लाइड पुसायच्या गॉजचा धागा होता तो. काँगो रेड सुती कापडासाठीच जन्मला, तो कापसाला कसा सोडील? तेव्हापासून फोकस बदलून पाहिल्याशिवाय मी कशालाही अमायलॉइड म्हणत नाही आणि स्लाइड गॉजने पुसत नाही.

फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप असेल तर हीच स्लाइड हिरव्या प्रकाशाने उद्दीपित करून पाहावी. काँगो रेड धरलेले अमायलॉइड तांबडे-नारिंगी प्रकाशते आणि ध्रुवित प्रकाशात निसटलेले बारीक साठे सापडतात.

काँगो रेडला काय दिसत नाही

पुष्कळ काही. गाभा नसलेले विखुरलेले प्लाक, ज्यांत बीटा-अमायलॉइडचे तंतू पुरते जुळलेले नसतात, ते बहुतेक सगळे निसटतात. पार्किन्सनच्या आजारात पेशीत साचणारी ल्युई बॉडी आणि टीडीपी-४३ या प्रथिनाचे साठे यांच्यासाठी हा स्टेन नाहीच. जे दिसते ते कोणत्या प्रथिनाचे, हेही काँगो रेड सांगत नाही. म्हणून थायोफ्लेविन एस हा प्रकाशणारा रंगही वापरतात: १ टक्का जलीय द्रावण गाळून अंधारात ५ ते ८ मिनिटे, मग ८० टक्के अल्कोहोलमध्ये दोनदा विसळणे. प्लाक आणि टँगल दोन्ही पिवळ्या-हिरव्या प्रकाशाने उठून दिसतात, फक्त म्हाताऱ्या न्यूरॉनमधले लिपोफ्यूसिन या रंगद्रव्याचे कणही स्वतःहून प्रकाशतात, त्यांना टँगल समजू नये. बील्शोव्स्कीची चांदीची रीत, जिच्यावर अल्झायमरने १९०६ मध्ये ट्यूबिंगन येथे मांडलेली निरीक्षणे आधारलेली होती, ती अजूनही सुरेख आहे, पण अमोनियायुक्त चांदीचे द्रावण ठेवून दिले तर स्फोटक होते. वापरून उरलेले त्याच दिवशी निकामी करावे. प्रथिनाचे नाव हवे असेल तर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीला, म्हणजे प्रतिद्रव्यांनी प्रथिन ओळखण्याच्या रीतीला, पर्याय नाही: बीटा-अमायलॉइडसाठी सिक्स-ई-टेन किंवा फोर-जी-एट, आणि त्याआधी फॉर्मिक आम्लाची काही मिनिटे, टाऊसाठी एटी-८, शिवाय अल्फा-सिन्यूक्लिनची वेगळी प्रतिद्रव्ये.

त्यामुळे अहवालासाठी नोंद देताना ‘अमायलॉइड नाही’ असे लिहू नये. छेदाची जाडी, तुकडा कुठला, कंट्रोल कसा आला आणि काँगो रेडने हिरवी चमक कुठे दिसली किंवा दिसली नाही, इतके लिहावे; बाकीचा अर्थ डॉक्टर लावतील.

काँगो रेड बेंझिडिनपासून बनलेला असल्याने कर्करोगाच्या भीतीचा पदार्थ आहे. पूड वजन करताना हातमोजे आणि मास्क घालावा, पंखा बंद ठेवावा. वापरलेला रंग आणि अल्कोहोल बेसिनमध्ये न ओतता रासायनिक कचऱ्याच्या वेगळ्या कॅनमध्ये जमा करावे, आणि मेंदूचे उरलेले तुकडे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ प्रमाणे पिवळ्या पिशवीत जावेत. ब्लॉक थंड, कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे, आणि कापलेल्या तोंडावर पॅराफिनचा पातळ थर देऊन ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षी कुणी एटी-८ मागितला तरी त्या ब्लॉकला पुन्हा मायक्रोटोमवर चढवता येईल.